जागली बॉट: नव्या राखणदारांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या प्रश्नोत्तर साइटवर कोणताही कास्तकार प्रश्न टाकू शकतो आणि कोणीही त्याला उत्तर देऊ शकतं. हीच तिची ताकद आहे. पण याच मोकळिकीतून भोंदू टॉनिकवाले, फसव्या लिंका आणि जीवघेणे सल्लेही आत येतात. त्यांच्यावर नजर ठेवणारे राखणदार सगळे स्वयंसेवक आहेत: कोणी वावरातून येऊन रात्री मोबाइल उघडतं, कोणी शिक्षक आहे, कोणी कृषी पदवीचा विद्यार्थी. त्यांच्या मदतीला टेलिग्रामच्या गटात 'जागली' नावाचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, आहे. हे पान सलग वाचलं नाही तरी चालेल. फवारणीचा आणि जिवाच्या धोक्याचा, हे दोन प्रश्न मात्र कामाला लागण्याआधी नीट वाचा.

जागली नेमकं करतो काय?

साइटवर नवा प्रश्न, उत्तर किंवा दुरुस्ती आली की तो मजकूर वाचतो, आपल्याकडच्या नमुन्यांशी (संशयास्पद शब्द आणि ओळींशी) ताडून पाहतो आणि शंका आली तर गटात संदेश टाकतो. रात्री वावरातल्या माळ्यावर बसलेला माणूस रानडुकरांची चाहूल लागली की हाकारा देतो, तेवढंच त्याचं काम. पुढे उठायचं आपल्याला असतं.

त्याचा संदेश असा दिसतो:

संशय: उत्तर, कापूस विभाग, खातं आजच उघडलेलं
कारणं: मोबाइल नंबर, 'शंभर टक्के हमी', बाहेरची लिंक
मजकूर: "भाऊ बोंडअळी आठ दिवसात साफ, फक्त आमचं टॉनिक मारा, घरपोच मिळेल..."

या संदेशालाच उत्तर म्हणून एक शब्द लिहायचा: काढा, ठेवा किंवा बघा. दोन वेगवेगळ्या राखणदारांनी 'काढा' म्हटलं की मजकूर साइटवरून उतरतो. एकानेही 'ठेवा' म्हटलं तर तो राहतो आणि गटात चर्चा होते. 'बघा' म्हणजे मला ठरवता येत नाही, जाणकाराकडे पाठवा. नव्या माणसाने 'बघा' जास्त वापरलं तर त्यात काहीच कमीपणा नाही, उलट आम्हाला ते हवंच आहे.

मग तो स्वतःहून काहीच काढत नाही?

एकच गोष्ट तो स्वतः झाकतो: मोबाइलमध्ये थेट ॲप उतरवणारी एपीके फाइल किंवा तिची लिंक. पीएम किसानच्या नावाने अशा फाइली व्हॉट्सॲपवर फिरल्या आणि त्या उघडणाऱ्यांच्या बँक खात्यातून पैसे गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे माणसाची वाट पाहण्यात अर्थ नाही. पण झाकणं म्हणजे पुसणं नव्हे. मजकूर आपल्याला दिसत राहतो आणि चुकून झाकला गेला असेल तर 'ठेवा' लिहिताच परत येतो.

बाकी कुठल्याही बाबतीत त्याला हा अधिकार दिलेला नाही आणि देऊ नये असं माझं ठाम मत आहे. चुकीचा सल्ला आणि वाईट भाषेत लिहिलेला बरोबर सल्ला यांतला फरक नमुन्यांना कळत नाही.

ही कल्पना आली कुठून?

जगात हे काम जुनं आहे. २००८ मध्ये सुरू झालेली स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामिंगची प्रश्नोत्तर साइट आणि तिच्या भगिनी साइटींवर 'स्मोकडिटेक्टर' नावाचा बॉट आहे. तो 'चारकोल' नावाच्या स्वयंसेवक गटाने बनवला, साइट चालवणाऱ्या कंपनीने नव्हे. नव्या मजकुरात जाहिरात किंवा शिवीगाळीचा वास आला की तो चॅटच्या खोलीत कळवतो, आणि लोक ती शंका खरी की खोटी हे सांगतात. इंग्रजी विकिपीडियावर 'क्लूबॉट एनजी' २०१० पासून नासधूस करणारे बदल उलटवतो. तो मात्र स्वतःच उलटवतो, म्हणून आपण त्याच्या वाटेने गेलो नाही.

स्मोकडिटेक्टरची एक गोष्ट राखणदारांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. जून २०२३ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या नियंत्रकांनी कंपनीच्या धोरणाविरुद्ध संप केला, तेव्हा चारकोलच्या लोकांनी आपला बॉटही थांबवला. मागे बसलेली माणसं उठली की बॉटचं काम तिथेच संपतं. आपल्याकडेही तसंच आहे.

कारणांचं 'वजन' म्हणजे काय?

प्रत्येक कारणाला एक आकडा असतो. 'बाहेरची लिंक' हे कारण दाखवल्यावर राखणदार किती वेळा 'काढा' म्हणाले आणि किती वेळा 'ठेवा', त्यावरून तो ठरतो. कृषी विद्यापीठाच्या पानाची लिंक दिली तरी हे कारण लागतंच, म्हणून त्याचं वजन हलकं. 'घरपोच टॉनिक' याचं भारी. तुमचा एकेक शब्द या हिशेबात जमा होतो. म्हणून न वाचता, समोरच्याने लिहिलं म्हणून आपणही 'काढा' लिहायचं, हे करू नका. त्याने बॉट बिघडतो, आणि तो बिघडलाय हे बराच काळ कोणाच्या लक्षातही येत नाही.

फवारणीच्या उत्तरांबद्दल एवढी ताकीद का?

यवतमाळ जिल्हा २०१७. वाढलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत), दमट हवेत, पुरेशा संरक्षणाशिवाय फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात गेले. त्या चर्चेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली: दोन-तीन कीटकनाशकं, वर बुरशीनाशक, वर टॉनिक, सगळं एकाच पंपात मिसळण्याची सवय. ही सवय अजून गेलेली नाही आणि आपल्या साइटवर असे सल्ले अगदी चांगल्या मनाने दिले जातात. "मी मारलं, मले काहीच झालं नाही" असं लिहिणारा खोटं बोलत नसतो. पण त्याच्या भरवशावर दुसरा माणूस दुपारच्या उन्हात, वाऱ्याच्या तोंडावर उभा राहतो.

म्हणून एकाच उत्तरात दोन किंवा जास्त औषधांची नावं आणि सोबत 'मिली', 'ग्रॅम' किंवा 'पंप' हे शब्द आले की जागली हमखास हाकारतो. इथे तुम्ही मात्रा बरोबर की चूक हे ठरवू नका, तुम्ही स्वतः कृषी पदवीधर असलात तरी. थेट 'बघा' लिहा. तो मजकूर जाणकारांच्या यादीत जातो आणि तोवर साइटवर त्याच्या डोक्यावर 'तपासणी बाकी' अशी पट्टी दिसते.

मात्र तीन गोष्टी तुम्हीही पाहू शकता. पहिली: 'एका पंपाला इतकं' असं लिहिलंय, पण पंप किती लिटरचा? बाजारात १५, १६, २० लिटरचे पंप आहेत. पाठीवरचा हातपंप आणि पेट्रोलवर चालणारा पंप यांत पाण्याचं प्रमाण वेगळं, त्यामुळे औषधाचं प्रमाणही वेगळं. पंप कोणता ते लिहिलं नसेल तर उत्तर अपुरं आहे. दुसरी: ते औषध त्या पिकासाठी लेबलवर आहे का? १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करताना पीक आणि कीड ठरलेली असते, कापसावर चालतं ते भाजीवर चालेलच असं नाही. तिसरी: डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल त्रिकोणाचं औषध कोणी 'काही होत नाही' म्हणून सुचवत असेल तर 'बघा' सोबत 'तातडी' हाही शब्द लिहा.

जुलै ते ऑक्टोबर या काळात अशा संदेशांना तासाभरात कोणीतरी हात लावलाच पाहिजे. लोक संध्याकाळी प्रश्न विचारतात आणि सकाळी पंप भरतात.

एखाद्याचा जीव धोक्यात आहे असं वाटलं तर?

सगळं सोडून हे आधी.

जागली अशा मजकुराला 'जीव' असं लाल चिन्ह लावतो. यात दोन प्रकार येतात.

एक, फवारताना त्रास झाल्याचं लिहिलेलं असतं: चक्कर, मळमळ, खूप घाम, डोळ्यांची आग, अंधुक दिसणं. त्याच क्षणी त्या प्रश्नाखाली लिहा: काम थांबवा, सावलीत या, कपडे बदला, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन लावा आणि औषधाचा डबा किंवा लेबल दवाखान्यात सोबत न्या. उलटी करवू नका. घरगुती उपाय सुचवणारी उत्तरं तिथे आली तर ती झाकायला सांगा. हा एवढा एकच प्रसंग आहे, जिथे आम्ही तुम्हाला दुसऱ्याच्या होकाराची वाट पाहू नका म्हणतो.

दुसरा प्रकार ओळखायला कठीण आहे. नापिकी, सावकार, सोसायटीचं कर्ज, आणि मध्येच "आता माझ्यामागं लेकरांचं कसं होईल" असं एखादं वाक्य. प्रश्न वरवर कर्जमाफीबद्दल असतो. बॉटला हे अर्धवटच कळतं. 'औषध घेतलं' हे दुकानातून आणलं म्हणूनही लिहिलं जातं आणि दुसऱ्या अर्थानेही, तेव्हा असा प्रत्येक मजकूर माणसाने वाचायचाच. तो काढू नका. काढला तर त्या माणसाचं शेवटचं बोलणंही आपण बंद करतो. गटात बॉटच्या संदेशाला 'रिप्लाय' करून 'जीव' लिहा, म्हणजे त्या रात्रीच्या समन्वयकाचा फोन वाजेल. तोवर त्या माणसाला साध्या शब्दांत उत्तर द्या: भाऊ, तुमचं वाचलं, आम्ही इथे आहोत, घरात आत्ता कोण आहे? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर द्या. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. काही घेतल्याचं लिहिलं असेल तर लगेच १०८. उपदेश करू नका. "असं करू नये, देवाने जन्म दिला" अशी उत्तरं खाली जमायला लागली तर ती बाजूला करा.

कृषी केंद्रवाले उत्तर देतात आणि खाली दुकानाचा नंबर टाकतात. काढायचं का?

उत्तर ठेवायचं, नंबर काढायचा. आपल्या साइटवरची काही उत्तम उत्तरं कृषी केंद्र चालवणाऱ्यांनीच दिलेली आहेत. दिवसभर त्यांच्या काउंटरवर रोगट पानं घेऊन लोक येतात. त्यांना हाकलणं म्हणजे आपलंच नुकसान. पण आपण दुकानदार आहोत हे त्यांनी ओळखीच्या रकान्यात लिहिलेलं असावं, आणि प्रत्येक आजारावर एकाच कंपनीचा डबा सुचवला जात असेल तर 'बघा'.

वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या बहारात 'बगीचा घेतो' म्हणणाऱ्या व्यापाऱ्यांचे नंबर येतात. ते सरळ 'काढा'. भाव विचारणारा बागायतदार वेगळा, त्याचा प्रश्न ठेवा. आणि तणनाशक सोसणारं एचटीबीटी कापसाचं बियाणं विकणारा कोणीही असो, 'काढा'. बीजी-२ या बीटी कापसाला २००६ मध्ये मंजुरी मिळाली, एचटीबीटीला अजूनही नाही. बिलाशिवाय आलेलं बियाणं उगवलं नाही तर शेतकऱ्याच्या हातात तक्रार करायलाही काही राहत नाही.

'काय बे' लिहिलं की बॉट शिवीगाळ दाखवतो. काय करायचं?

'ठेवा'. नागपूर-वऱ्हाडात 'बे' मैत्रीत चालतं, भांडणातही चालतं, मागचंपुढचं वाचून ठरवा. 'काऊन', 'मले', 'तुले' असली वऱ्हाडी, भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली, मेळघाटातून कोरकू शब्द मिसळून आलेला प्रश्न, यांपैकी काहीही काढण्याचं कारण नाही. 'मजकूर असंबद्ध' असं कारण बॉटने लावलं असेल आणि मजकूर बोलीतला असेल, तर 'ठेवा' लिहून सोबत 'बोली' हा शब्द टाका. त्याने त्या कारणाचं वजन उतरतं. प्रश्न शुद्ध मराठीत लिहून द्यायचा असेल तर खाली जोडा, मूळ मजकूर पुसू नका. ज्याने लिहिलं त्याला आपलं बोलणं तसंच दिसलं पाहिजे.

एकच शब्द कधी पकडतो, कधी सोडतो. असं का?

हा प्रश्न तांत्रिक कामात रस असलेल्यांचा, म्हणून जरा लांबवर उत्तर देतो. नवे नमुने लिहिणारी माणसं आम्हाला फार कमी पडतात.

'पऱ्हाटी' घ्या. त्यातला 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्ता असलेला वेगळा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲप' चं तसंच: एकात 'ॲ' हे एकच अक्षर, दुसऱ्यात 'अ', अदृश्य चिन्ह आणि वरची चंद्रकोर. फसवणाऱ्यांना हे ठाऊक असो वा नसो, त्यांचा कीबोर्ड वेगळा असला तरी पुरतं. म्हणून ताडून पाहण्याआधी जागली सगळा मजकूर एकाच रूपात आणतो. नवा नमुना लिहिताना मजकूर फोनवरून चिकटवू नका, तपासणीच्या पानातून घ्या.

दुसरी अडचण शब्दाच्या हद्दीची. जागली पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिला आहे. पायथनसोबत येणारं नमुने शोधायचं साधं साधन काना-मात्रांना अक्षरात धरत नाही, त्यामुळे 'दारू' सारखा शब्द त्याला मधेच तुटलेला दिसतो. आपण 'रेगेक्स' नावाचं वेगळं मोड्यूल वापरतो, ते ही हद्द नीट ओळखतं. इंग्रजी साइटीचा नमुना जसाच्या तसा उचलून आणला तर तो इथे चालत नाही, याचं हे मुख्य कारण.

मोबाइल नंबरांचं तर विचारूच नका. ९ आणि त्याचा इंग्रजी आकडा, दोन्ही मिसळून लिहितात, मधे टिंबं टाकतात, 'नव्याण्णव बावीस' असं शब्दांत लिहितात. कापसाला कोणी कापूस लिहितं, कोणी कपाशी, कोणी पराटी, कोणी रोमन लिपीत. प्रत्येक रूप पकडायला गेलो तर निरपराध मजकूरही अडकतो. थोडं निसटलं तरी चालेल, पण कास्तकाराचा खरा प्रश्न अडकू नये, असं आम्ही ठरवलं आहे.

योजनांच्या नावाने येणाऱ्या लिंका कशा ओळखायच्या?

सरकारी संकेतस्थळाचा पत्ता सहसा 'जीओव्ही डॉट इन' (gov.in) ने संपतो. त्याआधी काही असलं तरी शेवट तो नसेल तर संशय धरा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात, त्यासाठी कोणाला ओटीपी सांगावा लागत नाही, हे उत्तरात लिहायला हरकत नाही. कोणी फसला असल्याचं सांगितलं तर १९३० हा सायबर मदत क्रमांक द्या. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याला आधी फोन करायला सांगा, प्रश्नोत्तरं नंतर.

जुनी उत्तरं चुकीची झाली तर ती काढायची का?

काढू नका, तारीख लावा. एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. २०२४ चं उत्तर त्या वेळी बरोबरच होतं. 'जुनं' असा शब्द लिहिला की वर पट्टी लागते आणि नवं उत्तर द्यायला साइट लोकांना सुचवते. विम्याची आणि कर्जाची उत्तरं दर हंगामाच्या तोंडावर अशी चाळून घ्यावीत.

एआयने लिहिलेली उत्तरं जागली ओळखतो का?

नाही, आणि तसा दावाही करत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला बंदी घातली, कारण ती वाचायला सुबक आणि आतून चुकीची निघत होती. आपल्याकडे तीच गोष्ट, फक्त इथे चुकीच्या ओळीने पीक जातं. पण भाषा गुळगुळीत आहे म्हणून कोणावर आरोप करू नका, शुद्ध लिहिणारे मास्तरही साइटवर आहेत. मजकूर पाहा: लिहिणाऱ्याने वावर पाहिल्यासारखं लिहिलंय का? जमीन, पाणी, पेरणीची तारीख विचारली का? काहीच न विचारता सात मुद्दे आणि मात्रेचा आकडा दिला असेल तर 'बघा'.

बॉट आमच्या गटातल्या गप्पा वाचतो का?

नाही. टेलिग्रामचा प्रायव्हसी मोड सुरू ठेवला आहे. त्यात बॉटला आज्ञा आणि त्याच्याच संदेशाला दिलेली उत्तरं एवढंच पोचतं. म्हणूनच 'काढा' हा शब्द सुटा लिहिला तर त्याला कळत नाही, संदेश दाबून 'रिप्लाय' करूनच लिहावं लागतं. तुमचा मोबाइल नंबरही त्याला दिसत नाही.

माझ्याच गावातल्या माणसाचं उत्तर काढायची वेळ आली तर?

तुम्ही हात लावू नका. 'ओळखीचे' असं लिहा, दुसरा राखणदार पाहील. गावात उद्या पारावर समोरासमोर बसायचं असतं, साइटमुळे कोणाचं नातं तुटू नये. काढणाऱ्याचं नाव बाहेर कोणालाच दिसत नाही, पण लहान गावात अंदाज बांधले जातात.

किती वेळ द्यावा लागतो?

जमेल तेवढा. पेरणी, रोवणी, वेचणीच्या दिवसांत कोणाला सवड नसते हे माहीत आहे. जागलीच्या संदेशाला 'रिप्लाय' करून 'सुट्टी' लिहिलं की तुम्हाला तातडीचे संदेश येत नाहीत, 'आलो' लिहिलं की परत सुरू. फक्त फवारणीच्या महिन्यांत सुट्टी घेताना समन्वयकाला आधी कळवा, म्हणजे रात्रीची पाळी रिकामी राहणार नाही.

जागली गप्प बसला तर?

त्याच्या शेवटच्या संदेशाला 'रिप्लाय' करून 'जिवंत?' लिहून पाहा. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर समन्वयकाला फोन करा आणि साइटवरचं 'नवीन' पान स्वतः चाळायला घ्या: आधी कापूस, सोयाबीन आणि धान विभागातली फवारणीची उत्तरं, मग कर्जाचे प्रश्न, मग बाकीचं. झडीच्या दिवसांत रेंज जाते तेव्हा बॉट चालू असतो आणि तुम्हीच तुटलेले असता. रेंज आल्यावर मागचे संदेश वरून खाली न जाता खालून वर पाहा, म्हणजे सर्वांत ताजा मजकूर आधी हाताशी येतो.